ऑर्डर का घेत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. भिशीत विचारलंत, मुंजीच्या पंगतीत विचारलंत, परवा दूध आणायला खाली उतरले तेव्हा जिन्यातही विचारलंत. "एवढे क्रोसाँ घरी करता, त्यांची गरम सँडविचं करून खाऊ घालता, मग ऑर्डर का घेत नाही?" (क्रोसाँ म्हणजे चिरोट्यासारखे पदर सुटणारा फ्रेंच पाव.) मी दर वेळी "वेळ कुठे असतो" म्हणून सुटका करून घेते. ते खरं नाही. वेळ आहे. दोन वर्षं मी ऑर्डरी घेत होते. अन्नपदार्थ विकायची वर्षाला १०० रुपयांची नोंदणीसुद्धा रीतसर केली होती.

आधी बटरचं सांगते, कारण सगळं त्याच्यावर उभं आहे. चिरोट्याला आपण साटा लावतो, तुपात कॉर्नफ्लोअर फेसून. क्रोसाँला साटा नसतो. बटरची अख्खी लादी कणकेत गुंडाळायची, लाटायची, तीन पदरी घडी घालायची, फ्रिजमध्ये ठेवायची. असं तीनदा. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस पदर. पंधरा अंशांच्या आसपास बटर शाडूच्या मातीसारखं वाकतं. त्याहून फार थंड असलं तर आतल्या आत तुकडे पडतात, आणि फार ऊबदार झालं तर कणकेत मुरतं. बत्तीस-पस्तीस अंशांना तर ते वितळतंच. म्हणून तर क्रोसाँ जिभेवर ठेवला की बटर विरघळतं आणि तोंड स्वच्छ राहतं. पण जे तोंडात विरघळतं, तेच मे महिन्यात पुण्यातल्या माझ्या ओट्यावरही विरघळतं.

"मग मार्गारीन वापरा", म्हणजे वनस्पती तेलाचं बटरसारखं लोणी, हा पुढचा सल्ला. पेस्ट्रीसाठी वेगळं मार्गारीन मिळतं, ते उन्हाळ्यातही घट्ट राहतं, त्याने काम सोपं होतं हे मला मान्य आहे. फ्रान्समध्येही साधा क्रोसाँ मार्गारीनचा आणि 'ओ ब्यूर' म्हणजे बटरचा असे दोन प्रकार असतात. पण जे ओट्यावर विरघळत नाही ते तोंडातही नीट विरघळत नाही, टाळूला मेणासारखं चिकटून बसतं. मी ते एकदा करून पाहिलं आणि पुन्हा केलं नाही. याला तुम्ही हट्ट म्हणा.

आता सँडविच. ते ताज्या क्रोसाँचं करायचंच नसतं. फ्रान्समध्ये कालचे उरलेले क्रोसाँ चिरून त्यांत हॅम, चीज आणि घट्ट व्हाइट सॉस भरतात आणि पुन्हा भाजतात. शिळा क्रोसाँ कोरडा पडलेला असतो, म्हणून तो सारणाचा ओलावा सोसतो. मी हॅमऐवजी मश्रूम घालते. मोठ्या आचेवर परततानाच त्यांचं पाणी पूर्ण आटवायचं, मीठ शेवटी घालायचं, मिरी भरडच हवी. क्रोसाँ दातेरी सुरीने आडवा चिरायचा, एक कड जोडलेली ठेवायची. चीज खाली आणि वर, दोन्हीकडे लावायचं, म्हणजे सारण पदरांना थेट लागत नाही. टोमॅटो अजिबात नको, काकडी तर नाहीच. १७० अंशांवर आठ मिनिटं फॉइल झाकून आणि मग चार मिनिटं उघडं. शेवटच्या त्या चार मिनिटांत वरचे पापुद्रे पुन्हा सुटे होतात आणि कानाशी नेऊन दाबलं तर वाळक्या पानासारखा आवाज येतो. तो आवाज आला नाही तर मी पानात वाढत नाही.

एकदा मात्र वाढलं. एकदाच, पण चाळीस.

आमच्याच सोसायटीत पहिल्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांची पंचाहत्तरी होती, मे महिन्यात. ऐन उमेदीत कंपनीच्या कामासाठी ते दोन वर्षं फ्रान्समधल्या ल्यों शहरात राहिले होते. रोज सकाळी स्टेशनबाहेरच्या एका दुकानात उभ्याने असलं गरम सँडविच खाऊन कामावर जायचे, हे त्यांनी मला कितीतरी वेळा सांगितलं होतं. त्यांच्या मुलीने चाळीस सँडविचं सांगितली, ११० रुपये नग, आणि मी हो म्हणायच्या आत चार हजार चारशे रुपये फोनवर आलेही.

शिळे क्रोसाँ हवेत म्हटल्यावर ते आदल्या दिवशी भाजून ठेवायला हवे होते. पण माझ्या फ्रिजमध्ये एका वेळी वीसच्या वर मावत नाहीत. म्हणून वीस आदल्या दिवशी भाजले आणि वीस त्याच दिवशी करायचं ठरवलं. बेडरूममध्ये एसी लावून लाटले, बारा वाजता वळून तिथेच फुलायला ठेवले. एक वाजता लाइट गेली.

मी काय काय केलं ते सांगत बसत नाही. पडदे ओले केले, ताटांखाली बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. त्याने खालची कणीक गारठली आणि वर काहीच फरक पडला नाही. तीनच्या सुमारास पहिल्या ताटात कडेला पिवळा थेंब दिसला. मग दुसरा. साडेचारपर्यंत प्रत्येक क्रोसाँ स्वतःच्या बटरमध्ये बसला होता. लाइट आली पाच वाजून दहा मिनिटांनी. कार्यक्रम साडेसातला होता.

भाजले. खालून तळल्यासारखे झाले, आत पदर नव्हतेच, पावासारखी जाळी होती. एक उघडून पाहिला आणि मला कळलं की हे द्यायचे नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे कित्येक महिने मी स्वतःला सांगत राहिले की घाईत लक्षात आलं नाही. लक्षात आलं होतं. तरी मी चीज दुप्पट केलं, व्हाइट सॉस आत तर भरलाच, वरूनही ओतला आणि त्यावर चीज किसलं. फ्रान्समध्येही वरून सॉस घालून भाजतात, हे खरं आहे. खऱ्या गोष्टीच्या आड लपता येतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं. आदल्या दिवशीचे वीस चांगले होते. ते मी वरच्या थरात लावले.

दुसऱ्या दिवशी ट्रे आणायला गेले. ट्रेमध्ये अकरा उरले होते, सगळे खालच्या थरातले. तळाचा कागद तुपकट, पारदर्शक झाला होता. मुलगी म्हणाली, "खूप छान झाले हो, सगळ्यांना आवडले." काका खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "काल दुपारी लाइट गेली होती ना? मग फोन करायचास. पोहे केले असते."

बस, एवढंच. आवाजात राग नव्हता. पैसे परत करायला गेले तर मुलीने घेतले नाहीत.

माझी एक वही आहे, २०१९ पासूनची. पहिल्याच पानावर मी लिहिलंय: "सँडविच उरलेल्याचंच करतात, म्हणजे बिघडलेला घाणाही वाया जाणार नाही." ते लिहिणाऱ्या तेव्हाच्या बाईशी मी आजही भांडते. बाई, शिळं म्हणजे बिघडलेलं नव्हे. कालच्या चांगल्या पोळीचा कुस्करा फक्कड होतो, कच्च्या पोळीचा होत नाही. पण ती बाईही अगदीच चूक नव्हती. बटर महाग आहे, मैदा आहे, दीड दिवसाचे कष्ट आहेत. घरच्या खाण्यात मी आजही फसलेला घाणा फेकत नाही, तुकडे करून दूध-अंड्यात भिजवून भाजते. घरच्यांना सांगून देते, एवढाच फरक. तो फरक मोठा की छोटा, हे माझं मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, एका फसलेल्या ऑर्डरीने कुणी धंदा बंद करतं का? नाही करत. इन्व्हर्टर घ्या, दुसरा फ्रिज घ्या, मे महिन्यात ऑर्डर घेऊ नका, हे सगळं मला सुचलं आहे, यजमानांनी हिशोबही मांडून दिला आहे. फ्रिजमुळे मी थांबले असते तर कधीच पुन्हा सुरू केलं असतं. फोन करायला दोन मिनिटं लागली असती, पहिला मजला तर एका मिनिटावर. मी केला नाही, कारण पैसे आले होते आणि 'हिला जमलं नाही' हे मला ऐकायचं नव्हतं. घरी कुणाला खाऊ घालताना मला ते ऐकायची भीती वाटत नाही. पैसे घेतले की वाटते. ही भीती इन्व्हर्टरने जाईल का?

डिसेंबरात मी दहा क्रोसाँ केले. थंडीत कणीक हाताला गार लागते, बटर लाटण्याखाली सरळ पसरतं, घाई करावी लागत नाही. सहांची सँडविचं केली, चार नुसते ठेवले आणि डबा घेऊन खाली गेले. काकांना डॉक्टरांनी आता बटर बंद केलंय, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी एक नुसता क्रोसाँ उचलला, दोन्ही टोकं धरून हळूच ओढला, आतल्या पोकळ्या उजेडाकडे धरून पाहिल्या, वास घेतला. मग अर्धा नातीच्या हातात दिला, अर्धा पुन्हा डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

"ल्योंसारखा?" मी विचारलं.

"तिथे उभ्याने खायचो," ते म्हणाले. "आता उभं राहवत नाही."

हा होकार होता की नकार, मी विचारलं नाही. नोंदणीची मुदत मार्चमध्ये संपते. फॉर्म काढून ठेवलाय, भरलेला नाही. रविवारी घरी या, सँडविच करते. येण्याआधी फोन करा, आणि लाइट गेली तर मी करीन.