तुम्ही विचारलेत म्हणून: जपाने मन शांत झाले का?

"इतकी वर्षे माळ ओढता आहात, मग मन शांत झाले का?" हा प्रश्न मला जिन्यात भेटणाऱ्या शेजारणींनी विचारला आहे, लग्नाच्या पंगतीत विचारला गेला आहे, आणि मी कोणावर चिडले की घरच्यांनीही विचारला आहे. आजवर "चालले आहे आपले" असे म्हणून मी वेळ मारून नेली. ते उत्तर खरे नव्हते, आणि तो प्रश्न आता मला सोसवतही नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

मन शांत झालेले नाही. मात्र एक काळ असा होता की ते शांत झाले आहे अशी माझी खात्री होती, आणि त्या काळाबद्दल तुम्ही कोणी कधी विचारले नाही.

२०११ सालचा डिसेंबर होता. साताऱ्याची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. पहाटे पाचला देवघराचे दार लावून मी बसत असे. "श्रीराम जय राम जय जय राम" या त्रयोदशाक्षरी मंत्राच्या रोज अकरा माळा, त्यात खंड नाही. सुरुवातीची वर्षे मन दूधवाल्याकडे, मुलाच्या फीकडे, आदल्या दिवशीच्या भांडणाकडे पळत असे. गीतेत सांगितले आहे की मन जिथे जिथे जाईल तिथून तिथून ते परत आणावे, आणि मी ते हट्टाने आणत होते. त्या वर्षी ते पळणे खरोखर थांबले होते. बाहेर कुकरची शिट्टी झाली तरी गोमुखीतले, म्हणजे जपमाळेच्या कापडी पिशवीतले, बोट अडखळत नसे. याचा मला अभिमान होता, हे आता कबूल करते.

त्या दिवशी सातवी माळ अर्ध्यावर होती. न्हाणीघरात तांब्या पडल्याचा आवाज आला आणि तो फरशीवर गोल फिरत हळूहळू थांबला. मग आईने हाक मारली. मोठ्याने नाही, ती कधीच मोठ्याने हाक मारीत नसे. हाक मी ऐकली. ऐकलीच नाही असे मी पुढे काही जणांना सांगितले, पण ते खोटे होते. हाक ऐकून मन उठले, दारापर्यंत गेलेही, आणि मी त्याला इतर विचारांप्रमाणेच धरून परत मण्यावर आणून बसवले. दुसरी हाक आली तेव्हाही तेच केले. तिसरी आली नाही, तेव्हा मला बरे वाटले. उरलेल्या साडेचार माळा मी पूर्ण केल्या. माझ्या गतीने त्याला २५ मिनिटे लागतात. शेवटचा मणी झाल्यावर माळ डोळ्यांना लावली, गोमुखी घडी करून ठेवली आणि मग दार उघडले.

आई ओल्या फरशीवर एका कुशीवर पडली होती. खुब्याचे हाड मोडले होते. हात लावला तर अंग गार होते, आणि ओठ हलत होते ते थंडीने की नामाने, हे मला तेव्हा कळले नाही. ती एवढेच म्हणाली, "तू जपात होतीस ना." त्यात दोष दिल्याचा सूर नव्हता. तो असता तर मला उत्तर देता आले असते.

डॉक्टरांनी नंतर सांगितले की हाड पडताक्षणीच मोडले, मी लगेच गेले असते तरी शस्त्रक्रिया टळली नसती. ही गोष्ट मी पुष्कळ वर्षे ढालीसारखी वापरली. हाडाच्या बाबतीत ती खरीच आहे. पण २५ मिनिटांच्या थंडीबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते, आणि मीही त्यांना विचारले नव्हते.

त्यानंतर चार महिने मी माळेला हात लावला नाही. आईच्या उशाशी बसून गीतेचा सहावा अध्याय मात्र तिच्यासाठी मोठ्याने वाचीत असे, कारण तिला तो आवडत असे. ३४व्या श्लोकात अर्जुन मनाची तक्रार करतो, ते वाऱ्यासारखे आवरायला अवघड आहे असे म्हणतो. ध्यानावर बोलणारे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात, मीही करीत असे. आईसाठी वाचताना मात्र त्याच्या दोनच श्लोक आधी अडकले. ३२व्या श्लोकात भगवंत म्हणतात की जो आपल्यावरून दुसऱ्याचे सुख आणि दुःख जाणतो, तोच योगी श्रेष्ठ. म्हणजे अर्जुन आपले चंचल मन पुढे करतो ते या समत्वासाठी. हा समभाव माझ्या मनात टिकायचा कसा, ही त्याची अडचण आहे. मी अडचण तेवढी उचलली होती आणि ती ज्यासाठी होती ते सोडून दिले होते.

लोक "मनाला लगाम घाला" म्हणतात. कठोपनिषदातल्या रथात घोडे ही इंद्रिये आहेत, सारथी बुद्धी आहे आणि मन हाच लगाम आहे. त्या पहाटे लगाम ताठ होता, पण सारथी कुठे होता?

माझ्यातली त्या वेळची साधिका यावर गप्प बसत नाही. ती म्हणते, नियम म्हणजे नियम. एकदा हाकेसाठी उठलीस की उद्या दूधवाल्यासाठी उठशील. तिचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही, कारण तसे घडतेही. तिला मी ज्ञानेश्वरांची ओवी दाखवते: "कां जें यया मनाचें एक निकें । जें देखिलें गोडीचिया ठाया सोके." मनाचा एक गुण चांगला आहे, गोडी दिसली की ते तिथे सोकावते. आणि समर्थांनी ज्याला "मना सज्जना" अशी हाक मारली, त्याची २०५ श्लोक समजूत घातली, त्याला कोंडायचे कसे? यावर ती विचारते, मग तुला ती गोडी लागली का? लागते, एखाद्या सकाळी, पाच-सात मण्यांपुरती. अकरा माळांत तेवढेच.

हो, मी पुन्हा जपाला बसते. आई गेली त्याच्या आधीपासूनच बसू लागले होते, तिनेच माळ हातात दिली म्हणून. तो तिचा क्षमाभाव होता की जपावरची श्रद्धा, हे मी तिला विचारायला हवे होते, विचारले नाही.

आता देवघराचे दार उघडे असते. मन पळते, दूधवाल्याकडेही पळते, आणि मी त्याला परत आणते. पण एखाद्या पहाटे ते मुळीच हलत नाही, बोट आपोआप मणी ओढत राहते, तेव्हा मी माळ मध्येच थांबवते आणि न्हाणीघराच्या दिशेने कानोसा घेते. तिकडे आता कोणी नसते.