पाच किलोवॉटचं बेट

मॅलेगच्या धक्क्यावरून ‘लॉखनेव्हिस’ सुटली तेव्हा बोटीवर माणसांपेक्षा सामान जास्त होतं. किराणा, लाकडी फळ्या, गॅसची नळकांडी, कुणाचा तरी गुंडाळलेला गालिचा. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या लहान बेटांना ही फेरी वर्षभर सामान पोचवते. त्यांतल्या एग बेटावर मात्र पर्यटकांना गाडी नेता येत नाही. पाठीवर पिशवी घ्यायची आणि चालत उतरायचं. आज उतरणं तरी सोपं आहे. २००४ पर्यंत मोठी बोट धक्क्याला लागूच शकत नव्हती. ती समुद्रात थांबायची, एक छोटी होडी तिच्याजवळ जायची आणि माणसं, मेंढ्या, पत्रं, औषधं सगळं त्या होडीत उतरवलं जायचं. समुद्र खवळला की बोट तशीच पुढे निघून जायची. नवा धक्का सार्वजनिक पैशातून झाला आणि त्या एका बांधकामाने बेटावरच्या प्रत्येकाचं रोजचं आयुष्य बदललं.

मी एगला आले ती अशीच कामं बघायला. अनुदानातून उभं राहिलेलं सामाईक काम दहा-पंधरा वर्षांनी कसं दिसतं, हा प्रश्न मला बऱ्याच काळापासून छळतो आहे. समाजमंदिर, वाचनालय, बाग, खेळाचं मैदान अशा गोष्टींच्या उद्घाटनाचे फोटो सगळीकडे असतात. नंतरचे फोटो कोणी काढत नाही. म्हणून ज्या जागांना बरीच वर्षं झाली आहेत तिथे मुद्दाम जायचं, असं मी ठरवलं आहे.

धक्क्याला लागूनच ‘आन लाव्हरिग’ नावाची बैठी इमारत आहे. दुकान, चहापानाची जागा, हस्तकलेच्या वस्तू, स्वच्छतागृहं, अंघोळीची सोय आणि बोटीची वाट बघणाऱ्यांसाठी निवारा, असं सगळं तिथे एकत्र आहे. बाहेर तिरका पाऊस होता. आत शिरल्यावर चष्म्यावर वाफ जमली इतकी ऊब होती. ती ऊब कुठून येते हे मला ठाऊक होतं, तरी प्रत्यक्ष अनुभवताना फार बरं वाटलं. बेटाच्या वीजयंत्रणेत गरजेपेक्षा जास्त वीज तयार झाली की ती वाया जाऊ देत नाहीत. ती आपोआप सामाईक इमारतींच्या हीटरकडे वळते. धक्क्यावरची ही इमारत, समाजगृह आणि चर्च अशा जागा त्यातून तापतात, तेही फुकट. पावसाळी, वादळी दिवशी ओढे भरून वाहतात, पवनचक्क्या जोरात फिरतात, आणि नेमक्या त्याच दिवशी माणसांना एकत्र बसायला उबदार जागा लागते. सामाईक जागेची इतकी नेमकी काळजी घेतलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

हे समजायला थोडं मागे जावं लागतं. एग जेमतेम नऊ किलोमीटर लांब आणि पाच किलोमीटर रुंद. पिढ्यान् पिढ्या हे अख्खं बेट एकेका मालकाच्या नावावर असायचं. १९७५ मध्ये एका धनिक उद्योजकाने ते विकत घेतलं, १९९५ मध्ये ते एका जर्मन चित्रकाराकडे गेलं. रहिवासी मात्र भाडेकरूच राहिले. त्यांतल्या अनेकांकडे लेखी भाडेपट्टाही नव्हता. उद्या घर राहील की नाही याची खात्री नसेल तर छप्पर कोण दुरुस्त करणार? झाडं कोण लावणार? लोकवस्ती साठ-पासष्टवर आली होती.

मग रहिवाशांनी स्वतःच बेट विकत घ्यायचं ठरवलं. हायलँड कौन्सिल ही स्थानिक प्रशासन संस्था आणि स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्ट ही वन्यजीव संस्था यांच्याबरोबर त्यांनी ‘आयल ऑफ एग हेरिटेज ट्रस्ट’ उभा केला आणि देणग्यांचं जाहीर आवाहन केलं. जवळपास पंधरा लाख पौंड जमले. त्यात हजारो लोकांच्या छोट्या रकमा होत्या आणि नाव न सांगणाऱ्या एका दात्याची खूप मोठी रक्कम होती. १२ जून १९९७ रोजी बेट ट्रस्टच्या ताब्यात आलं. आन लाव्हरिग पुढच्याच वर्षी उभं राहिलं. मालकी मिळाल्यावर पहिलं मोठं काम कुठलं, तर सगळ्यांची एकत्र बसायची जागा!

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी जमीन लोकांची झाली, मग अनुदानं आली. परक्याच्या जमिनीवर अनुदानातून हॉल बांधला असता तर तो शेवटी मालकाचाच झाला असता. एगसारख्या गावांनी वाट दाखवल्यावर २००१ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीतून सार्वजनिक कामांना मिळणाऱ्या पैशातून, समुदायांना जमीन घ्यायला मदत करणारा स्कॉटिश लँड फंड सुरू झाला, आणि २००३ च्या भूमीसुधारणा कायद्याने ग्रामीण समुदायांना जमीन विक्रीला निघाल्यावर ती आधी घेण्याचा हक्क दिला. दक्षिणेकडच्या गिगा बेटाने २००२ मध्ये असंच स्वतःला विकत घेतलं. तिथे बहुतेक पैसा सार्वजनिक निधीतून आला, पण त्यातले दहा लाख पौंड परत करायचे होते आणि ते रहिवाशांनी परत केलेही.

माझा मुक्काम क्लेडेलमध्ये होता. बेटाच्या पश्चिमेला कड्याखाली पसरलेली ही वस्ती, समोर समुद्र आणि त्यापलीकडे रम बेटाचे काळे डोंगर. घरमालकीण बाईंनी खोली दाखवायच्या आधी स्वयंपाकघरातलं छोटं मीटर दाखवलं. प्रत्येक घराला एका वेळी पाच किलोवॉटच वापरता येतात, व्यवसायांना दहा. श्रीमंत-गरीब, मोठं घर-छोटं घर, सगळ्यांना हीच मर्यादा. किटली आणि वॉशिंग मशिन एकत्र चालतात, त्यात आणखी हीटर आणि ओव्हन लावले तर पुरवठा बंद पडतो आणि देखभाल पथकातल्या कुणाला तरी येऊन तो सुरू करावा लागतो. बाईंनी हे नियम म्हणून न सांगता सवय म्हणून सांगितलं. मीही दुसऱ्या दिवसापासून किटली लावायच्या आधी मीटरकडे बघायला लागले.

२००८ च्या फेब्रुवारीपर्यंत इथे चोवीस तास वीज नव्हती. मुख्य भूमीवरून समुद्राखालून केबल टाकायची तर खर्च लाखो पौंडांत जात होता. बहुतेक घरांत स्वतःचं डिझेल जनरेटर असायचं. त्याचा धूर, आवाज, बोटीने आणायचं महागडं इंधन, आणि रात्री ते बंद केल्यावरचा काळोख. मग बेटाने स्वतःची यंत्रणा उभारली, ‘एग इलेक्ट्रिक’. एक मोठा जलविद्युत संच शंभर किलोवॉटचा, दोन अगदी लहान, सहा-सहा किलोवॉटच्या चार पवनचक्क्या आणि सौर पॅनेल. पॅनेल सुरुवातीला दहा किलोवॉटची होती, पुढे वाढवत नेली. सुमारे अकरा किलोमीटर भूमिगत केबलने सगळी घरं जोडली. सोबत बॅटऱ्या, आणि अगदीच अडलं तर सामाईक डिझेल जनरेटर. वर्षाकाठी नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज पाणी, वारा आणि उन्हातून मिळते. हिवाळ्यात पाऊस-वारा, उन्हाळ्यात ऊन, असे हे स्रोत एकमेकांची उणीव भरून काढतात.

खर्च सुमारे सोळा लाख पौंड. मोठा वाटा युरोपियन युनियनच्या प्रादेशिक विकास निधीतून आला, बाकीचा लॉटरी निधी, सरकारी संस्था आणि कर्जातून. रहिवाशांनीही जोडणीसाठी पदरचे पैसे भरले. शंभराच्या आत वस्ती असलेल्या बेटाने इतक्या निधीदात्यांना सांभाळायचं म्हणजे काय, हे अशा कामात हात घातलेल्यालाच कळेल. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, प्रत्येकाची मुदत वेगळी, प्रत्येकाला हिशेब वेगळ्या पद्धतीने हवा. एकाचे पैसे दुसऱ्याने मंजुरी दिल्याशिवाय सुटत नाहीत. आणि हे सगळं करणारी माणसं दिवसा मेंढ्या राखणारी, दुकान चालवणारी, बोटीचे दोर बांधणारी. छोट्या गावांना दिलेल्या अनुदानात अर्ज लिहिणाऱ्याच्या वेळेचे पैसे जवळजवळ कधीच नसतात. ते असायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर ज्या गावात लिहिणारं कुणी आहे तिथेच पैसा जातो आणि जिथे गरज जास्त तिथे पोचतच नाही.

दुसऱ्या दिवशी ढग वर सरकले म्हणून मी आन स्गूरवर गेले. ज्वालामुखीच्या काळ्या काचेसारख्या दगडाची ही धार ३९३ मीटर उंच आहे. समोरून कडा सरळसोट वाटतो, पण वाट मागच्या अंगाने वळसा घेऊन चढते. अधूनमधून दलदल लागते, बूट भिजतातच. माथ्यावरून दक्षिणेला मक, उत्तरेला रम आणि त्यामागे स्काय ही बेटं दिसतात. मी मात्र बराच वेळ खाली बघत बसले. डोंगराच्या पायथ्याशी चार पवनचक्क्या, पलीकडे सखल भागातली शेतं आणि घरं. वीज कुठे तयार होते आणि कुठे वापरली जाते, हे एका नजरेत दिसण्याची माझी ही पहिलीच वेळ. आपल्या किटलीचं पाणी कुठल्या ओढ्यामुळे उकळलं हे ज्याला ठाऊक असतं, त्याला पाच किलोवॉटची मर्यादा जाचक का वाटत नाही, ते मला तिथे बसल्यावर उमगलं.

पण ज्या प्रश्नासाठी मी आले होते त्याचं उत्तर डोंगरावर मिळालं नाही. ते देखभालीच्या व्यवस्थेत मिळालं. एग इलेक्ट्रिकची रोजची देखभाल बेटावरचीच माणसं करतात. त्यांना प्रशिक्षण दिलेलं आहे आणि या कामाचे पैसेही मिळतात. मुख्य भूमीवरून तंत्रज्ञ यायचा तर हवामान आणि बोट दोन्ही जुळून यावं लागतं, तोपर्यंत अंधारात बसणं परवडणारं नाही. लोक वीजबिल भरतात, त्यातून पगार आणि दुरुस्तीचा खर्च निघतो. अनुदानाने यंत्रं आणली, ती चालू ठेवायचा पैसा बेट स्वतः उभा करतं. मी पाहिलेल्या किती तरी सामाईक जागा नेमक्या इथे कोसळतात. बांधकामाला निधी मिळतो, वीजबिलाला मिळत नाही. झाडं लावायला मिळतो, पाणी घालणाऱ्याला मिळत नाही. मग तीन वर्षांत दाराला कुलूप लागतं आणि निधीदात्याची पाटी तेवढी चकचकीत राहते.

आणि इथेही सगळं एकदाचं होऊन गेलं असं नाही. बॅटऱ्या म्हाताऱ्या होतात, पवनचक्क्यांचे भाग झिजतात, वस्ती वाढली तशी विजेची मागणी वाढली. हो, वस्ती वाढली! आज शंभराहून जास्त माणसं इथे राहतात, बाहेर गेलेली तरुण मंडळी परतून घरं बांधत आहेत. वीज आहे, बसायला जागा आहे, जमिनीची खात्री आहे, म्हणून ती येतात. २०१० मध्ये नेस्टा या ब्रिटिश संस्थेच्या ‘बिग ग्रीन चॅलेंज’ या कार्बन उत्सर्जन कमी करणाऱ्या समुदायांसाठीच्या स्पर्धेत एगने तीन लाख पौंड जिंकले होते. घरांत उष्णता टिकवून ठेवण्यासारखी, डोळ्यांत न भरणारी कामं बेटाला महत्त्वाची वाटत होती. असल्या कामांना उद्घाटन नसतं, म्हणून निधीही क्वचित मिळतो.

संध्याकाळी समाजगृहात गेले. कसलाही ठरलेला कार्यक्रम नव्हता. दोन मुलं बॅडमिंटन खेळत होती, एक आजोबा खुर्चीत बसून त्यांचे गुण मोजत होते आणि मध्येच चुकत होते. मलाही रॅकेट मिळाली. बाहेर वारा होता, म्हणजे आत ऊब होती.

जायचं असेल तर एप्रिल ते सप्टेंबर बरा. ग्लासगोहून मॅलेगपर्यंत रेल्वे आहे, वाटेत ग्लेनफिननचा एकवीस कमानींचा पूल लागतो. फेरी मॅलेगहून वर्षभर असते, पण रोज नसते, आणि उन्हाळ्यात आरिसेगहून ‘शीअरवॉटर’ नावाची छोटी बोटही सुटते. वारा असला तर दोन्ही रद्द होऊ शकतात, म्हणून परतीच्या तिकिटात एक दिवस मोकळा ठेवा. सकाळी येऊन दुपारी परतणारे पुष्कळ असतात. जमलं तर निदान एक रात्र राहा, किराणा आन लाव्हरिगच्या दुकानातून घ्या, आणि हेअर ड्रायर घरीच ठेवा.