लग्नाचा वाढदिवस: दुबईहून यावलच्या शेतात

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लग्नसराई सुरू, म्हणून बऱ्याच जोडप्यांचा लग्नाचा वाढदिवस डिसेंबरात येतो. आखातात नोकरी असेल तर तिथल्या हॉटेलात केक कापण्यापेक्षा आठवडाभराची रजा टाकून खान्देशात यावं, कारण भरिताच्या वांग्याचा हंगामही तेव्हाच भरात असतो. चंपाषष्ठीपर्यंत वांगं वर्ज्य मानणारी घरंही असतात, तेवढं आधी विचारून घ्या.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. विमानाचं तिकीट त्यापूर्वीच काढलेलं असतं, म्हणून रेल्वेची तारीख मोजून ठेवायची. पहाटे मुंबईत उतरून दादर किंवा कल्याणहून गाडी धरली की सहा-सात तासांत जळगाव, पुढे भुसावळ. चाळीसगाव सुटलं की काळी जमीन आणि वेचणी होत आलेली कपाशी दिसायला लागते. भुसावळहून तापी ओलांडली की यावल तालुका, आणि दोन्ही बाजूंना केळीच केळी.

आता भरीत. वीस माणसांना आठ-नऊ किलो वांगी लागतात. इथलं वांगं जांभळं नसतं. हिरवं-पांढरट, पोटात मोठं, पाव किलोच्या पुढचं. जळगावच्या या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकं लागतं तेच निवडा, जड निघालं तर बिया जास्त. भाजायला कपाशीच्या पऱ्हाट्या, म्हणजे वेचणीनंतर उरलेल्या काड्या. त्या खडखडीत वाळलेल्या हव्यात. दहिवराने ओलसर राहिल्या तर नुसता धूर होतो आणि भरिताला कडवट वास लागतो. वांग्याला काडीने दोन-तीन भोकं पाडायची, नाहीतर ते आगीत फुटतं आणि गर राखेत जातो. देठ तोडायचा नाही, फिरवायला तोच कामाला येतो. देठाजवळ दाबून बघा: तिथं कडक लागलं तर आत कच्चं आहे, आणि कच्ची गाठ ठेचताना काही केल्या मोडत नाही.

साल गरम असतानाच काढायची. गर लाकडी बडगीत, म्हणजे ठेचायच्या भांड्यात, घालून ठेचायचा आणि त्यासोबत भाजलेली हिरवी मिरची, लसूण, मीठ. किलोला दहा-बारा तिखट मिरच्या आणि लसणाचा एक मोठा गड्डा. मिक्सरला हात लावायचा नाही, त्यात गराची खीर होते. फोडणीत तेल सढळ: शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, मग भरपूर कांद्याची पात, शेवटी गर आणि कोथिंबीर. हळद नाही, टोमॅटो तर नाहीच. सोबत कळण्याची पुरी; ज्वारी चार भाग आणि अख्खे काळे उडीद एक भाग दळून आणायचे, पीठ कोमट पाण्यात घट्ट मळायचं. सैल झालं तर पुरी तेल पिते.

जेवणाआधी बांधावरच वहिनी-काकू दोघांना ओवाळतात. केक आणायचाच असेल तर आणा, पण भरिताची कढई उतरली की त्याच्याकडे कुणी फिरकत नाही.

मे महिन्यात वाढदिवस असेल तर भरिताचा नाद सोडून द्या. तेव्हा पारा ४५ च्या आसपास असतो. संध्याकाळी खापरावरचे मांडे आणि आमरस, एवढंच बरं.

दुसऱ्या दिवशी अजिंठा. जळगावहून साधारण ६० किलोमीटर. सोमवारी लेणी बंद असतात. फर्दापूर फाट्यावर गाडी ठेवून पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसनेच जावं लागतं, म्हणून सकाळी लवकर पोहोचलेलं चांगलं.

परतीच्या बॅगेत भरीत भरू नका, वाटेतच आंबतं. कळण्याचं पीठ, उडदाचे पापड, केळीचे वेफर्स टिकतात. बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, स्टीलच्या डब्यात, वर-खाली कागद घालून, म्हणजे चुरा होत नाही. घरचा काळा मसाला देणारीला मात्र आधीच सांगा की खसखस घालू नको: अमिरातीत खसखशीला बंदी आहे, आणि कुटलेल्या मसाल्यातून ती वेगळी काढता येत नाही.