तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो

"बडोद्यात समुद्र कुठंय? आणि जुनं डायविंगचं सामान घरी कशाला उघडता, सर्व्हिसला द्या की!" दांडिया बाजारात भाजी घेताना भेटणाऱ्यांपासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांनी हे विचारून झालंय. "पैसे वाचतात," हे माझं ठरलेलं उत्तर. ते खोटं आहे. ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या), सिलिकॉन ग्रीस, दाबाचं गेज आणि ज्याला बायको 'चष्मे धुवायचं मशीन' म्हणते तो अल्ट्रासॉनिक क्लीनर, एवढ्या पैशांत दोनदा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर डायविंगला जाऊन आलो असतो.

नेत्राणीचंच सांगायचंय.

भाच्यासाठी एक सेकंडहँड रेग्युलेटर घेतला होता, म्हणजे सिलिंडरातल्या हवेचा दाब कमी करून ती तोंडाशी देणारं यंत्र. त्याचा सिलिंडरला लागणारा भाग, फर्स्ट स्टेज, उघडला तर आत कळंक. पितळेच्या भांड्यात ताक ठेवल्यावर दिसतो, तोच हिरवा. आधीच्या मालकानं धुताना टोपण लावलं नसणार, खारं पाणी आत गेलं. पातळ व्हिनेगरमध्ये बुडवून साफ केला. एक जुनी ओ-रिंग निघेना. पितळी टोच टेबलावरच होता, पण मी हाताशी आलेलं दाभण घेतलं. ते सटकलं. सीट, म्हणजे हवा अडवणारा मऊ तुकडा, ज्या कडेवर टेकते, तिथं केसाएवढा ओरखडा.

ओरखडा मला दिसला होता. नव्या सीटनं भागेल म्हटलं.

सिलिंडरातली 200 बारची हवा फर्स्ट स्टेज साडेनऊ बारवर आणतो आणि काटा तिथं थांबायला हवा. माझा थांबला, मग हळूहळू दहाकडे सरकला, म्हणजे सीटपाशी हवा झिरपत होती. तेव्हाचा मी अजूनही वाद घालतो: नवी सीट बसायला वेळ लागतो. लागतोच. मग एक रात्र थांबायला काय झालं होतं? दुसऱ्या दिवशी गाडी होती.

चौदा मीटरवर भाच्याच्या तोंडातल्या सेकंड स्टेजमधून हवा धो धो सुटली. बुडबुड्यांच्या पडद्यामागे त्याचे डोळे दिसले, मग तेही दिसेनात. मी त्याच्यापासून चार हातांवर होतो आणि नुसता बघत राहिलो. इन्स्ट्रक्टरनं आपला ऑक्टोपस, म्हणजे जादाचा सेकंड स्टेज, त्याच्या तोंडात दिला आणि दोघं सावकाश वर गेले. बोटीवर तो हसत म्हणाला, "मामा, जुना माल!" मी पण हसलो. दाभणाचं सांगितलं नाही.

यावर तुम्ही म्हणाल, मग आता तरी सर्व्हिसला द्या. दिला होता हो, माझा स्वतःचा, एकदा. परत आला तेव्हा जोडणीपाशी बुडबुडे. आत जुनीच ओ-रिंग. तिथल्या माणसाची चूक मला रागावून सांगता येते, एवढाच काय तो फरक. सिलिंडरला मात्र मी हात लावत नाही. त्याची दर 5 वर्षांची चाचणी परवानाधारकाकडेच.

परवा भाच्याचा फोन: "मामा, डिसेंबरात मालवण. माझा रेग्युलेटर झाला का?"

ओरखड्याचा भाग बदललाय. रात्री सिलिंडर लावून ठेवला, काटा साडेनऊवर. सकाळी दात घासायच्या आधी पाहिला, साडेनऊवरच. हवा सोडली आणि पुन्हा लावून ठेवला.