तिसऱ्या दिवशी कुदळ

केन्याहून येऊन चार महिने झाले तरी भेटंल तो विचारतोय, काय गं तिकडं काय खात होतीस, सिंह बघितलास का. सिंह नाही बघितला. मी जिथं दहा महिने राहिले तो माकुएनी जिल्हा म्हणजे आपल्या औसा-निलंग्यासारखाच कोरडा भाग, नदी आहे पण वर्षातले बरेच महिने तिच्यात नुसती वाळू, आणि माझं बरंचसं काम त्या वाळूतच होतं.

एका संस्थेकडून व्हॉलंटिअर म्हणून गेलते. इकडं तीन वर्षं पाणलोटाचं काम केलेलं, 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा टँकरमागं घागर घेऊन पळालेली मी, त्यामुळं मनात होतं की दुष्काळ आपल्याला ठावूक आहे, आपण चार गोष्टी सांगू तिकडच्या लोकांना.

पहिले दोन दिवस नुसता पाहुणचार. चहा आपल्यासारखाच, दूध-पत्ती एकत्र उकळून, भरपूर साखरेचा. रस्त्यात भेटेल त्याच्याशी हात मिळवायचा, लहान लेकरानंसुद्धा, आणि हात लगेच सोडायचा नाही, घरचं सगळं विचारून होईपर्यंत धरून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगितलं, उद्या कामाला यायचं, "सा म्बिली". म्बिली म्हणजे दोन एवढं मला कळत होतं. मी दुपारी दोनला गेले तर बाया चर खोदून घरी निघालेल्या! स्वाहिलीत तास दिवस उगवल्यापासून मोजतात, दोन म्हणजे सकाळचे आठ. तिथं विषुववृत्त जवळ, बाराही महिने सूर्य जवळपास एकाच वेळेला उगवतो, त्यामुळं ते बरोबर जमतं, आणि आपल्याकडच्या घटका तरी कुठून मोजायचे, सूर्योदयापासूनच की. मला फार वाईट वाटलं, पण कोणी एक शब्द बोललं नाही. एका म्हातारीनं फक्त माझ्या हातात जेंबे दिली आणि म्हण सांगितली, म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेंबे. पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याला कुदळ द्या. (जेंबे आपल्या कुदळीपेक्षा रुंद पात्याची असते, खोदायचं आणि माती ओढायचं दोन्ही काम तिनंच.) उतारावर आडवा चर खोदायचा आणि माती खाली न टाकता वरच्या अंगाला फेकायची, त्याला फान्या जू म्हणतात. आपण बांधबंदिस्ती करतो तेच, पण वर फेकताना खांदे भरून येतात.

मी हातात कुदळ घेतलेली बघायला लोक थांबायचे. तिथं भारतीय माणूस म्हणजे मुहिंदी, आणि मुहिंदी म्हणजे दुकानदार. 1896 पासून मोंबासाहून रेल्वे टाकायला इंग्रजांनी हिंदुस्तानातून हजारो मजूर नेले, व्यापारीही गेले, आणि गावोगाव दुकानं झाली. स्वाहिलीत दुकानाला दुका म्हणतात. मला कितीतरी जणांनी मनापासून विचारलं, तुझं दुका कुठंय? तसे शब्द तर पावलोपावली भेटायचे. हेसाबू, वाकाती, लाकिनी, रांगी, बाराफू. आमचे आबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले, मरेपर्यंत बोलण्यात हिसाब, वखत आणि लेकिन असायचंच, त्यामुळं मला माकुएनीच्या बाजारात उभं राहून आबांची फार आठवण यायची.

मी ज्यांच्या घरी राहायचे त्यांना सगळे मामा म्हणायचे आणि पुढं थोरल्या मुलाचं नाव लावायचे. आपल्याकडं नाही का, अमक्याची माय. पण मामा म्हणजे आई हे घरच्यांना सांगायचं राहून गेलं आणि मी फोनवर म्हटलं, मामा चुलीपाशी आहेत, तर आजी विचारायला लागली, "कोणाचा मामा गं माय, बायकू न्हाई का त्याला?" मग मी मामांना फोन दिला. दोघी एकमेकींच्या भाषेत पाच मिनिटं बोलल्या. काय बोलल्या देव जाणे, पण दोघीही खूश होत्या.

मामांनी शिकवलेला एक शब्द इकडं येऊन मला रोज लागतो आणि मराठीत सापडत नाही. पोले. ठेच लागली, पोले. ताप आला, पोले. काम करून दमून बसलात, जाणारा माणूस म्हणणार पोले. त्याची काही चूक नसते, तो माफी मागत नसतो, तुम्हाला त्रास झाला तो मला दिसला एवढंच. आपली आजी "आगं माय माय माय" म्हणते ते त्याच्या जवळ जातं.

आणि लग्न झालं का विचारलं की मी म्हणायचे हापाना, म्हणजे नाही. मामा दर वेळी दुरुस्त करायच्या, नाही म्हणू नको, बादो म्हण. बादो म्हणजे अजून नाही.

खाण्याचं म्हणाल तर तूर! तिथं शेतात मक्याच्या जोडीला तूरच तूर, पण डाळ कोणी करत नाही, हिरवे दाणे नाहीतर अख्खी तूर मक्यासोबत शिजवतात. लातूरच्या डाळमिलांच्या वासात वाढलेली मी, नैरोबीहून डाळीचा पुडा आणून वरण केलं, तर ही तुमचीच तूर आहे हे मामांना पटेना. शेवटी मूठभर तूर भिजवून सालं काढून दाखवली तेव्हा हसल्या. त्यांच्या त्या अख्ख्या तुरीची चव मात्र मला लागली ती लागलीच.

आता वाळूचं. कोरड्या नदीत खडक लागेल तिथं आडवी सिमेंटची भिंत बांधतात. पाण्यासाठी नाही, वाळूसाठी. पुरासोबत वाळू येते, भिंतीमागं साठते आणि तिच्या पोटात पाणी मुरून राहतं, वर ऊन असलं तरी खालचं आटत नाही. दगड, वाळू, पाणी सगळं गावानं वाहायचं, संस्थेनं सिमेंट आणि गवंडी द्यायचा. अशा एकत्र कामाला तिथल्या लोकांच्या कांबा भाषेत म्वेथ्या म्हणतात. मी ऐकलं आणि म्हटलं, अरे ही तर इर्जिक! आमच्याकडं आजोबांच्या वेळी एकाच्या रानात सगळ्या गावाचे नांगर यायचे आणि त्याच्या घरी जेवण असायचं. आता तो शब्दसुद्धा कोणी काढत नाही. तिथं मात्र ऑगस्टच्या उन्हात साठ-सत्तर माणसं ओळीनं उभी, त्यात बायाच जास्त, दगड हातोहात पुढं सरकतोय आणि गाणं चाललंय, मी मधेच उभी राहून रडले, आणि शेजारची म्हणाली, पोले.

नोव्हेंबरात पाऊस आला. तिथं पावसात जन्मलेल्या पोराचं नाव वांबुआ ठेवतात, म्बुआ म्हणजे पाऊस, त्यावरून. फेब्रुवारीत मी निघाले तेव्हा भिंतीमागं अर्ध्यापर्यंत वाळू भरलेली. मामांनी हातानं हातभर खड्डा केला, गढूळ पाणी दोनदा उपसून टाकलं, मग स्वच्छ आलं, आणि त्यांनी 20 लिटरचा पिवळा कॅन भरून माझ्याकडं बघितलं.

घरी येऊन हे आजीला सांगितलं तर म्हणाली, "त्यात काय नवं माय, तेरणंत आमी झिराच काढायचो की, वाटीवाटीनं घागर भरायची." मी तेरणेचं नाव घेऊन एवढी वर्षं काम केलं आणि आजीला हे कधी विचारलंच नव्हतं. मागच्या महिन्यात तिला घेऊन नदीवर गेले. ती झिऱ्याची जागा शोधत बराच वेळ चालली. वाळू नाही कुठं. उघडा खडक, चिखलाचे खड्डे, टिपरच्या चाकांच्या खुणा. "वाळू कोण नेली गं?" एवढंच विचारलं तिनं आणि काठावर बसून राहिली.

परवा मामांचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, म्वुआ? स्वाहिलीत म्वुआ म्हणजे पाऊस, पाऊस झाला का असं विचारत होत्या. मृग कोरडा गेलाय इकडं. मी लिहिलं, बादो.