नारळी पौर्णिमेनंतरची ती सकाळ

नारळी पौर्णिमा होऊन पाच-सहा दिवस झाले होते. सकाळी साडेअकराला रत्नागिरीतल्या माझ्या दवाखान्यासमोर रिक्षा थांबली आणि मासळीवाल्या मावशींची सून टॉवेलात गुंडाळलेला बोका घेऊन धावतच आत आली. मागून मावशी.

"डॉक्टर, बगा हो, मन्या कसा करतोय!"

मन्याला आकडी आली होती. चारही पाय ताठ, मान मागे ओढलेली, डोळे उघडे पण कुणाला ओळखत नव्हते. कानाच्या कडेला सुई टोचून थेंबभर रक्त घेतलं. ग्लुकोमीटरवर साखर 34, धोक्याइतकी खाली.

जूनच्या शेवटी याच बोक्याची साखर मी 430 पाहिली होती. तेव्हा तो भांडंभर पाणी पीत होता, मुताने घर भिजवत होता आणि मागचे पाय टाचांवर टेकवून चालत होता. मधुमेहाने नसा दुबळ्या झाल्या की मांजरं अशी चालू लागतात. मी ग्लार्जिन इन्सुलिन सुरू केलं होतं, एक युनिट, दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने.

शीर सापडायला वेळ लागला. 25 टक्क्यांचं डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, तेवढ्याच सलाईनमध्ये मिसळून हळूहळू सोडलं. सून सांगत होती, मन्या पहाटे झोकांड्या देत होता, म्हणून तिने सासऱ्यांच्या डब्यातली ग्लुकोजची पूड बोटाने त्याच्या हिरड्यांवर चोळली होती. मी जूनमध्ये एकदाच सांगितलेलं तिने लक्षात ठेवलं होतं. ती पूड चोळली नसती तर मन्या माझ्यापर्यंत जिवंत पोचला असता असं मला वाटत नाही.

दहाएक मिनिटांनी पाय सैल पडले. तासाभराने त्याने मान उचलून मावशींकडे पाहिलं.

मग मी कारण शोधायला बसलो. पहिला संशय सिरिंजचा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन मिलीलीटरला 40 युनिटचंही मिळतं आणि 100 युनिटचंही. लाल टोपणाची सिरिंज 40 ला, नारिंगी 100 ला. मन्याचं औषध 100 चं. चुकून लाल सिरिंजने दिलं तर एका रेघेत अडीच युनिट जातात. मावशींच्या घरात त्यांचे यजमानही शुगरवाले, त्यांची बाटली 40 ची, म्हणजे लाल सिरिंजा घरात होत्याच. पण सुनेने पिशवीतून सिरिंज काढून दाखवली. नारिंगी होती. तीन रेघा, मी सांगितल्याप्रमाणे. तिने वहीत वेळसुद्धा लिहून ठेवली होती.

"काल काय खाल्लं त्याने?"

"बांगडा," मावशी म्हणाल्या. "पौर्णिमेपास्नं बांगडाच खातोय. उकडून देते, काटे काढून."

"आणि त्याआधी?"

मावशी गप्प झाल्या. सूनच बोलली. "त्याआधी दूधभातच होता. वरती वासाला थोडा जवळा. जून-जुलैत होड्या बंद, मासळी कुठली आणायची? आत्यांचा धंदाही बंद."

मावशींनी पदराने तोंड पुसलं. "तुमी चिकन द्या म्हनालात. रोज चिकन कसा परवडेल? सांगायला लाज वाटली."

माझी चूक मला तेव्हा कळली. भात, दूध, बिस्किट बंद करा, मांस-मासळी द्या, असं मी जूनमध्ये सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि मी ते झालं असं धरून चाललो. जुलैत दोनदा साखर तपासली, दोन्ही वेळा चारशेच्या आसपास. मी एक युनिटाचे दोन केले, दोनाचे तीन. काय खातोय हे एकदाही विचारलं नाही. ज्या दोन महिन्यांत बोक्याचा घास बंद होतो, त्याच दोन महिन्यांत त्या घरातली कमाईही बंद होते, एवढी साधी गोष्ट बंदराच्या गावात राहून मला सुचली नाही. शिवाय त्या तपासण्या दवाखान्यातल्या. मांजर घाबरलं की त्याची साखर नुसत्या भीतीने शंभर-दीडशेने चढू शकते.

पौर्णिमेनंतर होड्या गेल्या, बांगडा आला, मावशींनी आनंदाने भात बंद केला. पिठूळ अन्न गेलं की मांजराची इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरते, कधी चार-पाच दिवसांतच. मन्याचे तीन युनिट मात्र तसेच चालू राहिले. मावशींनी माझं म्हणणं तंतोतंत पाळलं म्हणून तो मरणाच्या दारात गेला, हे मला आजही बोचतं.

त्या संध्याकाळी सुई बंद ठेवली. दुसऱ्या दिवशी 170, तिसऱ्या दिवशी 290. मग पुन्हा एक युनिट. यावेळी सुनेला कानाची तपासणी शिकवली: कोमट ओल्या फडक्याने कान शेकायचा, कडेच्या शिरेशेजारी टोचायचं, मागे कापूस धरायचा, झालं की लगेच माशाचा तुकडा. यजमानांचंच मशीन वापरलं. माणसांचं मशीन मांजराचा आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी दाखवतं, तेवढं ध्यानात ठेवलं की काम भागतं. मन्या तिसऱ्या दिवसापासून स्वतःहून मांडीवर येऊन बसू लागला, तुकड्यासाठी.

एक नियम मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिला: खाल्लं नाही तर सुई नाही, आधी मला फोन.

खाण्याचा हिशोब आम्ही तिघांनी मिळून मांडला. मधुमेही मांजराची तयार पाकिटं मी सुचवलीच नाहीत. साधे ओले पाउचसुद्धा दिवसाला तीन लागतात, म्हणजे शंभराच्या वर खर्च. कोरडे दाणे स्वस्त, पण त्यांतला साधारण तिसरा हिस्सा पिष्टच. त्यापेक्षा विकून उरलेली मासळी उकडून, पण रोज तीच नाही. नुसत्या तेलकट मासळीवर ठेवलं तर ई जीवनसत्त्व कमी पडतं, कच्ची दिली तर बी-वनचा नाश होतो. म्हणून आठवड्यातले तीन-चार दिवस कोंबडीचे पोटे आणि हृदयं. दुकानदार ती स्वस्तात देतो, आणि मांजराला लागणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य हृदयात भरपूर असतं. ते शिजवताना पाण्यात उतरतं, म्हणून पाणी फेकायचं नाही, त्यातच घालून द्यायचं. कलेजी आठवड्यातून एकदा, नखाएवढी. अर्धा किलो मांसाला अर्धा चमचा अंड्याच्या टरफलाची बारीक पूड, नाहीतर हाडं ठिसूळ होतात. कांदा, लसूण, मीठ अजिबात नाही.

दसऱ्यापर्यंत अर्धं युनिट पुरेसं झालं. दिवाळीत सुई थांबवली. मन्या टाचा उचलून चालू लागला, आणि मावशींच्या पाटीवर पुन्हा उडी मारू लागला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मावशी एकट्याच आल्या. मन्याला आणलं नव्हतं.

"डॉक्टर, एक तारखेला होड्या बंद होतील. आता दोन महिने काय घालू त्याला, ते आत्ताच सांगा. माझ्याकडे दिवसाला पंचवीस रुपये हायत."

मी वही उघडली. सुनेने वेळ आणि युनिट यांच्या शेजारी पेन्सिलीने तिसरा रकाना आखला होता. त्यावर लिहिलं होतं, 'काय खाल्लं'. आम्ही पंचवीस रुपयांत पोटे, हृदयं आणि दिवसाआड एक उकडलेलं अंडं बसवलं. आणि ऑगस्टात पहिला बांगडा घालायच्या आदल्या दिवशी मला फोन करायचा, हे मावशींनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.