तुम्ही विचारलंत म्हणून: हॅनिबल बरोबर आहे हे कशावरून?

"एकही विमान शिल्लक नाही, ते उडवलेलं कुणी राहिलेलं नाही. मग तुमचं हॅनिबल बरोबर आहे हे कशावरून?" संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी हँडली पेज एच.पी. ४२ हे जुनं ब्रिटिश प्रवासी विमान, त्यातलं हॅनिबल नावाचं, बनवायला घेतल्यापासून हा प्रश्न माझ्या पाठीशी आहे. काहीजण खरंच जाणून घ्यायला विचारतात. काहीजण पहिल्याच वळणात विमान आडवं गेल्यावर विचारतात, आणि त्यांचा निकाल आधीच लागलेला असतो. आजवर मी दोघांनाही दोन ओळींत उत्तर देत आले आणि दोघांचंही समाधान झालं नाही. आज सविस्तर लिहिते.

बाह्यरूपाचं आधी उरकते, कारण तिथे मला फारशी शंका नाही. १४ नोव्हेंबर १९३० रोजी पहिलं एच.पी. ४२ उडालं, एकूण आठ बांधली गेली आणि महायुद्ध संपायच्या आत आठही संपली. पण इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीच्या या विमानांचे फोटो भरपूर निघाले. ऑक्टोबर १९३१ मध्ये गॅलिली सरोवराकाठच्या सेमख इथे हॅनिबलमध्ये इंधन भरतानाचे फोटो आहेत. आजूबाजूला उभ्या माणसांवरून आकार कळतो आणि पंखांचा विस्तार १३० फूट म्हणजे ३९.६ मीटर हे ठाऊक असल्यावर बाकीची मापं काढता येतात. रंगाचं मात्र जपून. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे, तो काळा उमटे आणि निळा फिकट पडे. हॅनिबल रुपेरी असल्यामुळे मी या कचाट्यातून सुटले. त्या काळातली दुसरी विमानं करणाऱ्यांना विचारा, एका पट्ट्याच्या रंगावरून महिनोन् महिने जातात.

केबिनची रचनाही पक्की माहीत आहे. प्रवासी पुढे आणि मागे, मधे सामान आणि स्वच्छतागृह, कारण प्रॉपेलरच्या रेषेत आवाज आणि कंप सर्वांत जास्त. खालचा पंख मुळाशी वर वळवलेला, म्हणजे त्याचा स्पार, पंखाची मुख्य तुळई, केबिनच्या डोक्यावरून जावा. हे सगळं बघून बनवता येतं. बघून बनवता येत नाही ते उडणं.

उडण्याबद्दल आपल्या हातात काय आहे? क्रूझचा, म्हणजे सरळ प्रवासातला, वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर, उतरण्याचा त्याच्या साधारण निम्मा, वजनं, चार ब्रिस्टल ज्युपिटर इंजिनांची ताकद. दोन पंख एकमेकांच्या हवेत ढवळाढवळ करतात तेव्हा किती लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर, जाते, याचं गणित प्रांटल आणि मुंक या शास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकापर्यंत मांडून ठेवलं होतं, ते आजही कामाला येतं. वरची दोन इंजिनं गुरुत्वमध्याच्या वर असल्यामुळे त्यांचा थ्रॉटल वाढवला की नाक खाली ढकललं जातं, हे इंजिनांच्या जागा नीट भरल्या की सिम्युलेटर आपोआप दाखवतो. फिक्स्ड पिच, म्हणजे पात्यांचा कोन न बदलणारा, प्रॉपेलर धावपट्टीवर पूर्ण फेरे गाठत नाही आणि डाइव्हमध्ये मर्यादेबाहेर पळतो, तेही टेबल नीट भरलं की जमतं.

पण हे सगळे आकडे सरळ उड्डाणाचे. विमान वळताना काय करतं, दांडी ढकलल्यावर किती वेळाने कलतं, नाक किती भरकटतं, याचा एकही मोजलेला आकडा माझ्या हाती लागलेला नाही. सुरुवातीला मला हे दिसतच नव्हतं. तेव्हाची मी छातीठोक सांगायची, की पुस्तकातला वेग, चढण आणि स्टॉल (ज्या वेगाखाली पंख विमान तोलू शकत नाहीत तो) जुळला की विमान बरोबर. मी तिला आजही पूर्ण खोडून काढत नाही. ते आकडे जुळलेच पाहिजेत. पण ते जुळवून दोन अगदी वेगळी विमानं बनवता येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

हॅनिबल आम्ही दोघं मिळून करत होतो. केबिन आणि आवाज माझ्या मित्राचे, बाहेरचा सांगाडा आणि फ्लाइट मॉडेल, म्हणजे विमान कसं उडतं ते ठरवणारे आकडे, माझं. त्याची केबिन पाहिलेल्यांना ती आठवत असेल. खिडक्यांचे पडदे, सामानाच्या जाळ्या, बसायच्या जागांवरच्या कापडाची वीण, सगळं त्याने ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममध्ये एकेक करून घडवलं होतं.

वाद एका आकड्यावरून झाला. एलेरॉन, म्हणजे विमान कलवायला पंखांच्या टोकाशी असलेल्या झडपा, वापरल्यावर नाक उलट दिशेला किती ओढलं जावं, अ‍ॅडव्हर्स यॉ, एवढाच. इतक्या लांब पंखाच्या टोकाला खाली झुकणारा एलेरॉन ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, वाढवतो आणि विमान डावीकडे कलवलं तर नाक आधी उजवीकडे जातं. म्हणून पायांच्या पेडलने रडर (शेपटीचं सुकाणू) आधी, दांडी नंतर. मी तो आकडा मोठा ठेवला होता. तो म्हणाला, निम्मा कर. घरी पेडल असणारे किती? बहुतेकांच्या हातात पिळायची जॉयस्टिक, कुणाकडे तीही नाही. लोक पहिल्या वळणात विमान सोडून देतील आणि माझी केबिन कुणी बघणार नाही.

मी नाही म्हटलं. मग त्याने माझ्या फाइलची प्रत घेतली, आकडा निम्मा केला, बाकीचं थोडं सावरून घेतलं आणि दोन्ही विमानं माझ्यासमोर ठेवली. वेग सारखा. चढण सारखी. स्टॉल सारखा. मी दोन्ही उडवली आणि माझं कुठलं ते पहिल्याच वळणात ओळखलं. त्याने विचारलं, "ओळखलंस ते ठीक. पण तुझं खरं आणि माझं खोटं, हे कशावरून?"

तुमचाच प्रश्न. आणि तो तुमच्यासारखा परका नव्हता. रोज रात्री दोन दोन तास माझ्याशी बोलून त्याने हे विमान उभं केलं होतं. मी भूमिती सांगितली, एलेरॉनचं क्षेत्रफळ सांगितलं, पंखाची लांबी सांगितली. तो म्हणाला, यातून आकडा मोठा असणार एवढंच निघतं, एवढाच असणार हे निघत नाही. वर डिझायनरने एलेरॉनची वरची आणि खालची चाल वेगवेगळी ठेवली असेल तर तुझा हिशेब निम्म्यावर येतो. ती चाल तुला माहीत आहे का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण त्याच्या निम्म्याला तरी काय आधार होता? लोकांना सोपं जावं, एवढाच. माझ्यामागे निदान भौतिकशास्त्राची दिशा होती. हे मी त्याला म्हटलं, आणि ज्या आवाजात म्हटलं त्यानंतर आमचं बोलणं हॅनिबलवर राहिलं नाही.

त्याने केबिन काढून घेतली. ती त्याची होती, तो त्याचा हक्क होता. आज तुम्हाला दिसते ती मी नंतर बनवलेली आहे आणि ती त्याच्या केबिनच्या जवळपासही जात नाही. तुमच्यापैकी काहीजण तसं कळवतात. मला माहीत आहे. आम्ही आता बोलत नाही. एका आकड्यासाठी एवढं? असंही मला विचारतात. तेव्हा माझं उत्तर होतं, हो. आता रोज तेच उत्तर येतं असं नाही.

पण सोपं करण्यालाही मर्यादा असते, हे मी अजून धरून आहे. हेच विमान उडवायचं आहे ना तुम्हाला? मग ते काय काम करत होतं ते बघा. पूर्वेकडची चार विमानं कैरोहून गाझा, रुतबा, बगदाद, बसरा करत आखातावरून कराचीपर्यंत येत. ट्रान्सजॉर्डन आणि इराकच्या वाळवंटात वैमानिकांना वाट दिसावी म्हणून १९२१ मध्ये जमिनीवर मुद्दाम चाकोरी उमटवली आणि नांगराने चर पाडला होता. त्या रेषेवर नजर ठेवून, ताशी १६० किलोमीटरने, वाळवंटातल्या तापलेल्या हवेत ही विमानं न्यायची. कॉकपिटमध्ये जीपीएस टाका असं सांगणाऱ्यांना मी नकार देते तो आखडूपणाने नाही. खाली ती रेष शोधणं हेच ते उड्डाण आहे. पायांना काम नसलेलं हॅनिबलही मला तसंच वाटतं, अर्धं काढून घेतलेलं.

शेवटच्या उड्डाणाची मोहीम बनवा, ही मागणीही येते. १ मार्च १९४० रोजी हॅनिबल इराणमधल्या जास्कहून शारजाला निघालं आणि ओमानच्या आखातावर नाहीसं झालं. आठ माणसं होती. मद्रासच्या जस्टिस पक्षाचे नेते सर ए. टी. पन्नीरसेल्वम त्यांत होते. लंडनला भारतमंत्र्यांचे सल्लागार म्हणून रुजू व्हायला निघाले होते. ना विमान सापडलं ना माणसं. ती मोहीम मी बनवणार नाही. बनवायची तर विमान का पडलं ते मला ठरवावं लागेल, कुठलं तरी इंजिन मला बंद पाडावं लागेल. एलेरॉनचा आकडा मी ठरवला, कारण तो भरल्याशिवाय विमान उडतच नाही. हे ठरवल्यावाचून काहीही अडत नाही.

तर कशावरून? वेग, वजन, माप, रूप यांच्याबद्दल पुराव्यावरून. वळणाबद्दल भूमितीवरून आणि माझ्या निर्णयावरून. तो निर्णय फाइलमध्ये त्या ओळीशेजारी मी स्पष्ट लिहिला आहे, की हा आकडा मोजलेला नाही. मधे एकदा तो थोडा कमी केला, महिनाभर तसाच उडवला आणि परत वाढवला. मित्राचं म्हणणं बरोबर असू शकतं. माझंही. एलेरॉनची वरची आणि खालची चाल दाखवणारं मूळ रेखाटन, किंवा हे विमान वळवताना रडर किती लागत होता ते लिहिलेली एखाद्या वैमानिकाची वही, तुमच्यापैकी कुणाच्या पाहण्यात आली तर मला पाठवा. त्या दिवशी आकडा बदलेन आणि नवी फाइल त्यालाही पाठवेन.